निळ्या हेल्मेटखालचा सण : परदेशी तैनात जवान आणि घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण लागला की सातारा, कोल्हापूर, सांगली, बीड, बेळगावकडच्या फौजी घरांतून हे प्रश्न यायला लागतात आणि भाऊबीज होईपर्यंत थांबत नाहीत. कुणाचा पोरगा, कुणाचा नवरा, कुणाची बहीण संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत परदेशात, आणि घरात सण तोंडावर आलेला. मी मराठा पलटणीत नोकरी केली, निळं हेल्मेट घालून परदेशात सणही केले, म्हणून लोक मला विचारतात. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला की उत्तर इथे लिहून ठेवतो.

एक गोष्ट बहुतेक उत्तरांत येईल, ती आधीच सांगतो. तिकडे ड्यूटी आधी ठरते आणि तिच्यातून उरलेल्या जागेत सण बसवला जातो. हे घरच्यांनी मनाशी पक्कं केलं की निम्मी काळजी कमी होते. तुकडीचा हुकूम आणि इथलं उत्तर यांत फरक पडला तर हुकूम खरा धरायचा.

१. पोरगा "यूएनमध्ये गेलाय" म्हणतो. म्हणजे तो नेमका कुठे असतो?

दक्षिण लेबनॉनमध्ये नोव्हेंबर १९९८ पासून भारतीय बटालियन आहे. हर्मोन डोंगराच्या पायथ्याला, लेबनॉन आणि इस्रायल यांच्यामधल्या ब्लू लाइनजवळ तिच्या चौक्या आहेत. दक्षिण सुदानचं मिशन २०११ पासूनचं. तिथे जुबा, मलाकाल, बोर ही नावं फोनवर ऐकू येतील. काँगोत गोमाच्या बाजूला, सीरिया आणि इस्रायल यांच्यामधल्या गोलनमध्ये रसद सांभाळायला आणि सुदान-दक्षिण सुदानच्या मधल्या अबेईतही आपली माणसं आहेत.

ठिकाण कळलं की सणाची कल्पना येते. लेबनॉनच्या डोंगरात दिवाळीला थंडी बोचायला लागलेली असते आणि पुढे बर्फ पडतो. मलाकालला गणपतीत चिखल असतो आणि दिवाळीपर्यंत गवत पार वाळून गेलेलं असतं. पण घरच्यांनी ठिकाणाचं नाव चारचौघांत किती घ्यायचं, ते प्रश्न १४ मध्ये वाचा.

२. तिकडे गणपती-दिवाळीची सुट्टी मिळते का?

सगळ्यांना एकदम सुट्टी, असं होत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दिवाळीचं महत्त्व मान्य करून त्या दिवशी बैठका टाळाव्यात असं सुचवलं. ते कार्यालयांसाठी झालं. पहारा, गस्त आणि चौकी यांना दिवाळी नसते.

प्रत्यक्षात पलटणच सोय करते. सकाळची मंदिर परेड, दुपारी किंवा रात्री बडा खाना, आणि ड्यूटीच्या पाळ्या अशा लावायच्या की प्रत्येकाला एकदा तरी आरतीला उभं राहता यावं. बडा खान्याला सीओ साहेबांपासून, म्हणजे पलटणीच्या प्रमुखापासून, नव्या शिपायापर्यंत सगळे एकत्र जेवतात, आणि साहेब लोक जवानांना वाढतात. तिकडच्या सणातला सगळ्यात मोठा क्षण बहुतेकांसाठी तोच असतो.

३. तिकडे खरंच गणपती बसवतात का? मूर्ती कुठून आणतात?

बसवतात, आणि मनापासून बसवतात. मराठा जवानाला फौजेत "गणपत" म्हणूनच हाक मारतात, तेव्हा त्याच्या पलटणीत बाप्पा नाही असं होणं कठीण.

सोपा रस्ता म्हणजे मंदिरातली कायमची पितळी मूर्ती पूजेत ठेवायची आणि तिच्यापुढे सुपारीचा गणपती मांडून विसर्जन त्या सुपारीचं करायचं. काही जण निघतानाच वीतभर शाडूची मूर्ती कपड्यांत गुंडाळून नेतात. ती सोंडेला आणि कानाला फुटते, म्हणून सोंड पोटाला टेकलेली आणि कान डोक्याला चिकटलेले अशीच मूर्ती निवडा.

मातीची तिथेच घडवायची असेल तर दक्षिण सुदानात माती ओळखीची निघते. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात असते तशीच काळी, कपाशीची. पावसात बुटाला किलोभर चिकटते आणि वाळली की भेगाळते. हीच तिची अडचण. ती आदल्या दिवशी भिजत घालावी, बनियनच्या कापडातून गाळावी आणि थोडा कापूस किंवा भिजवलेल्या कागदाचा लगदा घालून लोण्यासारखी मऊ होईपर्यंत मळावी. मूर्ती बसकी, रुंद बैठकीची करावी आणि सोंड वेगळी करून न जोडता त्याच गोळ्यातून ओढून काढावी. उन्हात ठेवू नये. सावलीत, वर ओलं पोतं टांगून, दोनतीन दिवस हळूहळू सुकू द्यावी. तरीही पोटावर बारीक भेग पडतेच. त्याच मातीची पातळ खीर बोटाने भेगेत भरली की बुजते. रंग नसला तरी चालतं. गंध आणि हळद एवढ्यानेसुद्धा मूर्तीला चेहरा येतो.

विसर्जन ड्रममध्ये किंवा बादलीत, कॅम्पच्या आत. मलाकालशेजारून पांढरी नाईल वाहते खरी, पण तिच्यात मगरी आहेत, आणि कॅम्पबाहेर जायचं तर एस्कॉर्ट, म्हणजे सोबतीला हत्यारबंद जवान, लागतो. मिरवणुकीसाठी कुणी एस्कॉर्ट मागू नये. विरघळलेली माती कॅम्पातल्या एखाद्या झाडाच्या बुंध्याला घाला.

४. दूर्वा, आंब्याचे टहाळे, कडुनिंब, आपटा, हे तिकडे कुठून मिळणार?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच मिळतं. दूर्वा आफ्रिकेतही उगवतात आणि भूमध्य समुद्राकाठीही. पाण्याच्या टाकीजवळ, जिथे गळती असते तिथे बघा. दक्षिण सुदानात आंब्याची आणि कडुनिंबाची झाडं भरपूर आहेत. तोरण होतं आणि पाडव्याला कडुनिंबाचा कोवळा पालाही होतो. सोनं वाटायला आफ्रिकेच्या माळरानावर आपट्याच्याच कुळातलं एक झाड असतं, पान तसंच दोन पाकळ्यांचं. लेबनॉनमध्ये आंबा-कडुनिंब विसरा. तिथे तोरणाला तमालपत्राचा किंवा ऑलिव्हचा डहाळा लावतात, आणि देवाला तो चालतो.

एक गोष्ट मात्र कडक. पत्री गोळा करायला तारेबाहेर पाऊल टाकायचं नाही. दक्षिण लेबनॉनच्या शेतांत सुरुंग आहेत आणि २००६ च्या युद्धातले न फुटलेले क्लस्टर बॉम्बही. दक्षिण सुदानातही न फुटलेला दारूगोळा पडलेला आहे. एकवीस पत्री जमल्या नाहीत तर अक्षता वाहाव्यात.

५. पूजा कोण सांगतं?

पलटणीबरोबर धर्मगुरू असतात, जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) दर्जाचे. आम्ही त्यांना पंडितजी म्हणतो. ते एका ठिकाणी आणि चौक्या अनेक, म्हणून दूरच्या चौकीवर ज्याला आरत्या पाठ तोच पुजारी. पोराला जाण्याआधी "सुखकर्ता दुखहर्ता" आणि मंत्रपुष्पांजली कागदावर लिहून द्या. मोबाइल नेहमी हाताशी असेलच असं नाही.

६. मुहूर्त भारताचा धरायचा की तिथला?

दिवस घरचा धरा, वेळ तिथली. दिवस एकच ठेवला की घर आणि जवान एकाच दिवशी सण करतात, आणि याचं मोल पंचांगाच्या बारकाव्यांपेक्षा मोठं आहे.

ज्यांना तिथी काटेकोर पाळायची आहे त्यांच्यासाठी हिशोब सोपा आहे. तिथी संपते तो क्षण जगभर एकच, फक्त घड्याळ वेगळं. जुबा आणि गोमा भारताच्या साडेतीन तास मागे. भारतात तिथी संध्याकाळी पाचला संपत असेल तर जुबात दुपारी दीडला संपेल. लेबनॉनमध्ये उन्हाळी वेळ असते, म्हणून गणपतीत फरक अडीच तासांचा, आणि दिवाळी नोव्हेंबरात आली तर साडेतीन तासांचा. लक्ष्मीपूजनाचा प्रदोषकाळ मात्र जिथे बसलात तिथल्या सूर्यास्तावरून धरायचा.

७. फराळ पाठवायचाय. काय टिकतं आणि काय अडवतात?

पलटण चार्टर विमानाने जाते तेव्हा वजनाला मर्यादा असते. सुट्टीवरून परतणाऱ्याच्या बॅगेतही किलोदोन किलोच मावतात. म्हणून निवड करा. शंकरपाळी, कडबोळी, शेव आणि भाजणीची चकली उत्तम टिकते. बेसनाचा लाडू साजूक तुपात चांगला खमंग भाजला तर टिकतो. रव्याचा ओल्या नारळाचा लाडू आणि ओल्या खोबऱ्याची करंजी पाठवू नका. चिवडा पाठवताय तर पोह्यांबरोबर शेंगदाणे वेगळ्या पुडीत द्या, नाहीतर दोन्ही मऊ पडतात. डबा पत्र्याचा, झाकणाला टेप, आणि वर पदार्थांची नावं इंग्रजीत लिहिलेली.

आता अडणाऱ्या गोष्टी. पहिली खसखस. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात तिच्यावर बंदी आहे, आणि आखातातून विमान बदलणाऱ्याच्या बॅगेत ती सापडली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. म्हणजे अनारसे बाद. करंजीच्या सारणातली आणि लाडवातली खसखसही बाद. आईच्या हातचे अनारसे पोराला किती आवडतात हे मला कळतं, पण तेवढे घरी आल्यावर खाऊ द्या. दुसरं सुकं खोबरं. अख्ख्या वाट्या विमानाच्या सामानात चालत नाहीत, तेलामुळे ते पेट घेतं. तिसरं म्हणजे कापूर, काडेपेटी आणि फटाके. उदबत्तीचा पुडा नेण्याआधी विमान कंपनीचा नियम विचारून घ्या.

आणखी एक. एकट्या पोरापुरता डबा पाठवू नका. तो उघडला की खोलीतले सगळे जमतात, त्यात पंजाबचा असतो, केरळचा असतो. थोडंच पाठवा, पण वाटता येईल असं.

८. राखी ५६ एपीओवर (सैन्याच्या टपाल कार्यालयाच्या पत्त्यावर) पाठवली तर पोहोचते का?

पत्ता तुकडीने दिला असेल तसाच, अक्षर न बदलता लिहा. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि एपीओ. त्याखाली देशाचं किंवा गावाचं नाव आपल्या मनाने घालायचं नाही. पुढचा प्रवास सैन्याची टपाल सेवा बघते. वेळ लागतो, म्हणून महिना-दीड महिना आधी टाका आणि साध्या पाकिटात सपाट राखी घाला. खडे-मणी असलेली जाड राखी पाकीट फाडते. सुट्टीवर आलेला त्याच पलटणीतला कुणी परत निघाला असेल तर त्याच्या हाती देणं सगळ्यात बरं.

या टपालाचा इतिहास अभिमानाचा आहे. १९५३ मध्ये आपली तुकडी कोरियात गेली तेव्हा तिच्यासाठी भारतीय तिकिटांवर देवनागरीत "भारतीय संरक्षा कटक कोरिया" असं छापलं होतं. कुणाच्या आजोबांच्या पेटीत असं पाकीट असेल तर ते जपून ठेवा. त्या तुकडीबद्दल प्रश्न १९ मध्ये लिहिलंय.

९. दिवाळीत पणत्या लावू देतात का? आणि फटाके?

फटाके अजिबात नाहीत. जिथे दोन्ही बाजूंचे लोक प्रत्येक आवाज गोळीचा समजून कान देतात, तिथे एक लवंगी माळसुद्धा चौकशीचं कारण होते.

पणत्या लावतात, पण ठरलेल्या जागी. मंदिरासमोर, रेतीच्या पट्ट्यावर, बाजूला पाण्याच्या आणि रेतीच्या बादल्या. राहायच्या प्रीफॅब खोल्यांत नाही, कारण त्या भिंती क्षणात पेटतात. इंधन आणि दारूगोळ्याच्या बाजूला तर नाहीच. दक्षिण सुदानात नोव्हेंबरात वाळलेल्या गवताची भीती असते. वातावरण तापलेलं असेल तर रात्री उजेडावरच बंदी येते, मग मंदिराच्या आत एक समई. त्या रात्री घरच्यांनी "अंगणात दिवे लावलेस का" असं विचारू नये.

१०. गुढी उभारता येते का? भगवा लावला तर चालतो का?

गुढी उभारतात, कॅम्पच्या आत, मंदिराच्या आवारात, बाहेरून दिसणार नाही अशी. उंच काठीवर नाही. संयुक्त राष्ट्रांच्या कॅम्पवर उंच फडकणारी प्रत्येक गोष्ट बाहेरच्यांना झेंडाच वाटते, आणि तिथे झेंडे कुठले लावायचे ते ठरलेलं असतं.

लेबनॉनमध्ये आणखी जपावं लागतं, कारण तिथे रंगांवरून पक्ष ओळखतात. पिवळा हिजबुल्लाचा, हिरवा अमल या पक्षाचा आणि नारिंगी तिथल्या एका मोठ्या ख्रिस्ती पक्षाचा. आपला भगवा लांबून नारिंगीच दिसतो. शांतिसेना कुणाच्या बाजूची नाही, हे तिचं तिथलं खरं चिलखत. त्यावर ओरखडा येईल असं काही करू नये. शिवजयंतीला महाराजांच्या प्रतिमेमागे भगवा लावा, हॉलमध्ये लावा. "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही ललकारी छताखालीही तितकीच घुमते.

११. रांगोळीत स्वस्तिक काढावं का? परदेशी सैनिक पाहुणे येतात.

मंदिरात काढा, बिनधास्त काढा. पाहुण्यांच्या स्वागताला जिथे रांगोळी घालता तिथे कमळ, पणती, गोपद्म, शंख काढावा असं माझं मत आहे. लेबनॉनच्या पूर्व विभागाची सूत्रं स्पेनकडे असतात आणि मिशनमध्ये युरोपातल्या बऱ्याच देशांचे सैनिक आहेत. त्यांच्या मनात ते चिन्ह नाझींशी जोडलेलं आहे. दारातच दचकलेल्या पाहुण्याला समजावत बसण्यापेक्षा त्याला आधी लाडू द्यावा. मग मंदिरात नेऊन आपलं स्वस्तिक काय आहे ते सांगावं. तेव्हा तो नीट ऐकतो.

१२. दसऱ्याला शस्त्रपूजा होते का?

होते. हत्यारं रिकामी करून, तपासून, थोडी थोडी पूजेला आणतात. सगळी एकदम कधीच नाही. हळद-कुंकू बटला, म्हणजे रायफलीच्या दस्त्याला लावायचं. नळीत, दुर्बिणीवर, हलणाऱ्या भागांवर लावायचं नाही. पांढऱ्या गाड्यांना झेंडूचा हार घातला तर "यूएन" ही अक्षरं झाकली जाऊ नयेत आणि गाडी बाहेर पडण्याआधी हार उतरवावा. ज्यांची हत्यारं त्या वेळी चौकीवर असतात त्यांची पूजा पाळी बदलल्यावर करायची.

१३. आरती चालू असताना सायरन वाजला तर? पूजा अर्धवट राहिली तर दोष लागतो का?

सायरन वाजला की बंकर. त्यात विचार करायचा नाही. म्हणूनच प्रत्येक पूजेला एक माणूस फक्त दिव्यांसाठी नेमतात. तो निघताना ज्योती विझवतो आणि बाकीचे ताट आहे तिथे ठेवून जातात. परिस्थिती निवळली की हातपाय धुऊन, अक्षता वाहून, जिथे थांबलो तिथून पुढे. मनाला लावून घेऊ नका. दोष वगैरे काही नाही.

हा प्रश्न नुसता शंकेपोटी येत नाही. २०२४ ची अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती, आणि त्याच दुपारी लेबनॉनभर पेजरचे स्फोट झाले. २३ सप्टेंबरपासून मोठे हवाई हल्ले, १ ऑक्टोबरला इस्रायली फौज सीमेच्या आत, आणि शस्त्रसंधी थेट २७ नोव्हेंबरला. म्हणजे घटस्थापना, दसरा, दिवाळी, भाऊबीज सगळं त्या धुमश्चक्रीत आलं. शांतिसेनेने चौक्या सोडल्या नाहीत. अशा वर्षी बंकरमध्ये म्हटलेली एक आरती म्हणजेच पूर्ण सण, हे घरच्यांनी समजून घ्यावं आणि पोरालाही तसं सांगावं.

१४. त्याने आरतीचे फोटो पाठवलेत. स्टेटसला ठेवू का?

नको. तुम्हाला त्यात बाप्पा आणि पोरगा दिसतो. दुसऱ्याला मागची मनोऱ्याची उंची, रेतीच्या भिंती, अँटेना, किती माणसं आहेत आणि सगळी एका वेळी कुठे जमतात तेही दिसतं. जुलै २०२० मध्ये सेनेने जवानांना फेसबुक-इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप काढायला सांगितली होती. पुढे नियम बदलत राहिले, पण घरच्यांसाठी सरळ नियम एकच : फोटो घरात बघा, फोनमध्ये ठेवा, पुढे पाठवू नका. पलटणीने किंवा मिशनने स्वतः जाहीर केलेला फोटो असेल तर तो खुशाल दाखवा.

तो कुठे आहे, कधी परत येणार, कुठल्या विमानाने, हे गावच्या ग्रुपवर टाकू नका. सत्काराची घाई परतल्यावर करा.

१५. सणादिवशी फोन कधी करावा आणि काय बोलावं?

तुम्ही करू नका, त्याला करू द्या. त्याची पाळी तुम्हाला ठाऊक नसते. वेळेचा फरक प्रश्न ६ मध्ये आहे.

काय बोलावं, यावर मी आग्रहाने सांगतो. "तू नाहीस तर सण सण वाटत नाही" हे वाक्य प्रेमापोटीच येतं, पण तो ते चौकीवर घेऊन जातो आणि रात्रभर त्याच्याशी झुंजत बसतो. त्याला घरचा सण ऐकवा. गौरींना यंदा कुठली साडी नेसवली, पुरण कुणी वाटलं, धाकटीने आरतीत कुठली ओळ चुकवली, वाड्यातलं कोण कोण आलं. फोनवर आरती ऐकवा, पूर्ण. जवानाला रडवण्यापेक्षा हसवलेलं बरं, आणि तरी त्याला रडू आलं तर गप्प राहून ऐका. फोन आला नाही तर वाईट अर्थ काढू नका. बहुतेक वेळा नेट नसतं किंवा पाळी लांबलेली असते.

१६. आमच्या घरचा गणपती त्याच्याच हाताने बसतो. यंदा बसवायचा की नाही?

बसवायचा. वडील, भाऊ, पत्नी, मुलगी, ज्याच्या मनात श्रद्धा आहे त्याने संकल्प करावा आणि संकल्पात त्याचं नाव घ्यावं. व्हिडिओ कॉलवरून त्याच्याकडून पूजा करवून घ्यायचा हट्ट करू नका. कॉल तुटतो आणि दोन्हीकडे चिडचिड होते. "तो आला की करू" म्हणून घरातला सण बंद ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. त्याचा भार त्या पोरावरच पडतो, कारण आपल्यामुळे आईने गणपती बसवला नाही हे तो विसरत नाही.

१७. आमची मुलगी मिशनवर आहे. तिचा सण वेगळा असतो का?

ड्यूटी तीच, चौकी तीच. लायबेरियात २००७ मध्ये भारताने पाठवलेली पोलीस तुकडी सगळी महिलांची होती, आणि अबेईला जानेवारी २०२३ मध्ये महिला शांतिसैनिकांची पलाटून गेली. गावांतल्या बायकांशी बोलण्याचं काम बरंचसं त्यांच्याकडे असतं. भाऊबीजेला या पोरी तुकडीतल्या जवानांना ओवाळतात. त्या दिवशी ज्यांच्या सख्ख्या बहिणींचा फोन लागत नाही, तेही रांगेत उभे असतात. तिला लहान मूल घरी असेल तर सणाच्या दिवशी त्याला तिच्याशी बोलायला जबरदस्ती करू नका. मूल रुसलेलं असतं, आणि "बोल ना आईशी" हा आवाज तिला पलीकडे ऐकू जातो.

१८. घरात वाईट बातमी आहे आणि सण दोन दिवसांवर आलाय. त्याला आत्ता सांगावं की सण झाल्यावर?

लपवू नका, पण थेट त्याच्या फोनवरही टाकू नका. त्याच्या हातात त्या वेळी भरलेली रायफल असू शकते, किंवा तो गस्तीच्या गाडीत असेल. बातमी तुकडीमार्फत जाऊ द्या. भारतात मागे राहिलेल्या पलटणीच्या पार्टीचा नंबर, रेजिमेंटल सेंटरचा नंबर आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर घरात लिहून ठेवा, आत्ताच, सगळं ठीक असताना. त्यांना नाव, नंबर, युनिट, काय घडलं आणि घरचा कोण बोलतोय हे स्पष्ट सांगा. तिकडे सुभेदार साहेब किंवा कंपनी कमांडर त्याला पहाऱ्यावरून उतरवून, शेजारी बसवून सांगतात, आणि सुट्टीचं बघतात. येणं जमेलच असं नाही. विमानं रोज नसतात, आणि अंत्यविधी थांबवायचा की नाही याचा निर्णय घरच्यांनाच घ्यावा लागतो.

सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे भावकीतल्या कुणीतरी परस्पर पाठवलेला "भावपूर्ण श्रद्धांजली"चा फोटो. घरातल्या एका मोठ्या माणसाने सगळ्या ग्रुपवर तंबी द्यावी : आम्ही सांगेपर्यंत कुणी काही टाकायचं नाही.

सुतक तिकडेही पाळतात. तो पूजेपासून बाजूला राहतो, पण बडा खान्याच्या पंगतीपासून त्याला एकटं सोडत नाहीत.

१९. आधीच्या पिढ्यांनी परदेशात सण कसे काढले?

मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराला सहावी पूना डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यात अडकली होती. तिच्यात १०३ आणि ११० या मराठा पलटणी होत्या. त्या वर्षीचा पाडवा एप्रिलच्या सुरुवातीला, वेढ्यातच आला. तेव्हा पीठ मोजून मिळत होतं, आणि घोड्याचं मांस खायला अनेक हिंदी शिपाई बरेच दिवस तयार नव्हते. इटलीत नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या, आणि शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे परत आले नाहीत.

१९५३ ची दिवाळी कोरियात झाली. युद्धकैदी सांभाळायला गेलेल्या भारतीय तुकडीचं नेतृत्व कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात करत होते, आणि दोन फौजांच्या मधल्या पट्ट्यात वसवलेल्या त्या तळाला आपल्या लोकांनी नाव दिलं होतं हिंद नगर.

२०. सणाचा वेगळा भत्ता मिळतो का?

नाही. तुकडीतल्या प्रत्येकाला संयुक्त राष्ट्रांकडून रोजचा १.२८ डॉलर हातखर्च मिळतो, तो सण असो वा नसो. प्रसादाचा खर्च पलटण करते. मिशनचं रेशन मात्र मोजून येतं. ते बाहेरच्या गावात वाटता येत नाही, म्हणून गावातल्या पोरांना खाऊ द्यायचा असेल तर वेगळी परवानगी घेऊन.

२१. माझे मिस्टर पलटणीबरोबर नाहीत, एकटेच निरीक्षक म्हणून गेलेत. त्यांनी सण कसा करावा?

हा सगळ्यात अवघड प्रकार. लष्करी निरीक्षक छोट्या ठाण्यावर वेगवेगळ्या देशांच्या अधिकाऱ्यांबरोबर राहतात, स्वतः रांधून खातात, आणि कधी कधी ठाण्यावर दुसरा भारतीय नसतो. त्यांनी निघतानाच छोटी पूजेची पेटी न्यावी. त्यात सुपारी, हळद-कुंकू, जानवं, वाती आणि एक छोटी समई. तेल-तूप तिकडे मिळतं.

आणि त्या दिवशी सगळ्या ठाण्याला जेवायला घालावं. रव्याचा शिरा कुणालाही जमतो, साखर-रवा सगळीकडे मिळतो. त्यांनी वर्षभर इतरांचे सण केलेले असतात, इतरांनाही यांचा सण करायचा असतो, फक्त कुणी बोलवावं लागतं. जवळपास भारतीय बटालियन असेल तर तिला आधी कळवावं. पंगतीला नक्की बोलावतात.

२२. लेबनॉनचं मिशन बंद होतंय म्हणे. मग २०२६ ची दिवाळी?

ऑगस्ट २०२५ च्या सुरक्षा परिषदेच्या ठरावाप्रमाणे तिथल्या मिशनची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे आणि त्यानंतर वर्षभरात माघार घ्यायची आहे. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे दोन्ही मुदतीच्या आत. परतीची तारीख पलटण सांगेल तीच खरी. तोवर फराळाचं सामान सप्टेंबरअखेर तयार ठेवा, आणि कुणी सुट्टीवरून परत निघतोय का, ते पलटणीच्या मागे राहिलेल्या पार्टीला विचारा.